शुभदा पुढे गेली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. २००६ चा जानेवारी. सेवापुस्तकाची नक्कल घ्यायला मी यवतमाळला, माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. काम तीनलाच आटोपलं. नागपूरची गाडी संध्याकाळी होती.

शुभदाला जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. लग्नानंतरची अकरा वर्षं आम्ही यवतमाळात काढली. दवाखान्यात शेवटी शेवटी ती म्हणायची, "बरं वाटलं की एकदा यवतमाळला जाऊ." ते राहूनच गेलं. म्हटलं, तिच्या आवडीच्या जागा एकट्यानं तरी पाहून घेऊ.

कापसाची खरेदी बंद होती. रस्त्याच्या कडेनं कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग, बैल सोडलेले, माणसं बंडीखाली आडवी. हवेत सरकीचा तेलकट वास. एवढी माणसं, पण कुणी बोलत नव्हतं.

मारोतीचा आलूबोंड्याचा गाडा होता तिथंच होता. मला पाहून तो म्हणाला, "गुरुजी, उशीर केला. बाई आताच गेल्या."

"कोण बाई?"

"तुमच्या. मिरची जास्तीची मांगतली, नेहमीसारखी."

म्हातारा झालाय, असं मनाशी म्हणून मी वाचनालयात गेलो. तिथली बाई नवीन होती. तिनं आम्हाला कधी पाहिलेलं नव्हतं.

"अनंत सर तुम्हीच ना? तुमच्या मिसेस म्हणाल्या, ते येतील, त्यांना सांगा मी पुढे गेले."

शुभदाची खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. मी बसलो. बैठक गरम होती.

तिथूनच परत फिरायला हवं होतं. भीती वाटत होती... पण ती गाठ न पडताच निघून जाईल, याची भीती जास्त होती. शाळा सुटल्यावर घराकडे निघायचो, तसा मी झपाझप चालत सुटलो.

आमच्या गल्लीत पोचलो तोवर दिवस मावळला होता. वीज गेलेली. आमची जुनी घरमालकीण सुखीबाई ओट्यावर कंदील घेऊन बसली होती.

"मावशी... शुभदा आली होती?"

तिनं कंदील उचलून माझ्या तोंडाशी धरला. बराच वेळ पाहत राहिली.

"तू वापस काहून आला रे अनंता? आताच तं दोघं गेले न इथून."

"दोघं?"

"माह्या पाया पडले. तिनं तुहा हात धरला होता. मी म्हटलं, बाई, याले कायले नेऊन राह्यली... ते काही बोलली नाही. तूच हासला."

मी गल्लीच्या टोकापर्यंत धावलो. कुणी नव्हतं. गाडीत बसलो आणि नागपूरला आलो.

त्या दिवसापासून मला शुभदाची आठवण येत नाही. तिचा फोटो रोज पुसतो, हार घालतो. पण एखाद्या शेजारणीचा असावा तसा तो दिसतो. रडू येत नाही. आतलं काहीच हलत नाही.

सुखीबाई मधूनमधून फोन करते. परवाही आला होता.

"काल दोघं येऊन गेले," ती म्हणाली. "तुही तब्येत आता चांगली दिसून राह्यली, अनंता."