बिनरिपीटचं कापड

अंबरपेठेतल्या त्या गल्लीत ब्लाऊज शिवावा तर भामानं, हे ठरलेलंच. पण पुरुषाचा शर्ट? तो काही तिनं जन्मात शिवला नव्हता. नवरा, नामदेवराव, कापडाच्या मिलमध्ये छपाई खात्यात आणि मिल त्यांना खाकी शर्ट द्यायची. मग शिवायचा कशाला? पुढं दिल्लीहून नव्या धोरणाचे वारे सुटले, घरोघरी केबल आली, चौकात रेडिमेड कपड्यांची काचेची दुकानं झळकली, आणि इकडं मिलच्या फाटकाला कुलूप लागलं.

कुलूप फाटकाला लागलं, पण बसलं ते नामदेवरावांच्या तोंडाला. माणूस घराबाहेर पडेना, बोलेना. सकाळी आंघोळ करून तीच विटकी खाकी चढवायची आणि खिडकीशी खुर्चीत बसायचं, बस्स. भामानं डॉक्टर केले, नवस केले, कडाकडा भांडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी! बरं, आपलं आपण सोसलं असतं, पण घरात लग्नाची पोरगी. शिल्पाला बघायला आलेलं आधीचं स्थळ बापाचा अवतार बघूनच उठून गेलं. "घराण्यात वेड आहे काय हो?" असं मुलाच्या आईनं जाता जाता विचारलं, तेही पायरीवर उभं राहून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. मेलीची जीभ का झडली नाही, असं भामाला अजून वाटायचं.

आता रविवारी सिकंदराबादहून हिम्मतराव आणि सुशीलाबाई आपल्या मुलासाठी शिल्पाला बघायला यायचे होते. रेल्वेतली माणसं, घर चांगलं. हे स्थळ हातचं गेलं तर पोरीचं काही खरं नव्हतं. नवरा चार शब्द बोलेल ही आशा भामानं सोडलीच होती. निदान अंगावर ती खाकी तरी नको, एवढंच तिचं मागणं.

नारायणगुड्यातल्या कटपीसच्या दुकानात, ढिगाच्या पार तळाशी, तिला एक कापड सापडलं. शेवाळी जमीन, तिच्यावर फिक्या फांद्या, पानं, मधूनच एखादा पक्षी. हाताला गार लागत होतं.

"ये कब आया की, मालूम नै अम्मा," दुकानदार म्हणाला. "ले जाओ. शर्ट हो जाता."

घरी येऊन तिनं ते सतरंजीवर पसरलं. छापील कापडाच्या शर्टात खरी गोम असते समोरच्या बटणपट्टीत. डाव्या भागावरची फांदी, बटणं लावली की उजव्या भागावर सरळ पुढं गेली पाहिजे. नाहीतर पक्ष्याचं डोकं एकीकडं आणि शेपूट भलतीकडं, लोक हसायचे. म्हणून नक्षी कुठं परत येते ते आधी हेरायचं आणि दोन्ही भाग त्या हिशेबानं कापायचे. भामा एका फांदीवर बोट ठेवून सरकत गेली. कापड संपलं, फांदी काही पुन्हा भेटेना. दुसरी धरली. तीही नाही.

"याला रिपीट नाही."

भामाच्या हातून खडूच पडला. नामदेवराव खुर्चीतून वाकून बघत होते. आवाज गंजलेला होता, पण त्यांचाच.

"काय म्हणालात?"

"रिपीट नाही याला. रोलर एक फेरा फिरला की फूल परत आलंच पाहिजे. जगात कुठंही छापा." ते खुर्चीतून उतरून गुडघ्यावर बसले. "हे छापताच येत नाही, भामा."

"छापता येत नाही ते समोर पडलंय न हो!" असं म्हणताना ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळलं नाही. बोलला बाई माणूस! ती उठून देवापाशी साखर ठेवून आली. परत आली तेव्हा नामदेवराव कापडाची कड उजेडात धरून बोटानं एकेक पान तपासत होते.

नक्षी जुळायचा प्रश्नच मिटला होता. परतच येत नाही ती जुळणार कुठून? भामानं मग कापड पुरेल तसं कापलं. एक भाग या टोकाचा, एक त्या टोकाचा. मशीनवर बसल्यावर हात आपल्या सवयीनं चालला आणि तिथंच घोटाळा झाला.

"आई, अगं!" शिल्पा खो खो हसत सुटली. "बाबांना बायकांचा शर्ट शिवलास. ब्लाऊजसारखी उजवी बाजू वर घेतलीस. बाप्यांच्या शर्टाला डावी वर येते ना!"

"हत् तुझी! नक्को तिथं नक्को ते लक्षात आलं," भामा कपाळावर हात मारून म्हणाली आणि शर्ट उचलून बघायला लागली. उजव्या बाजूची फांदी डावीवर सरळ पुढं गेली होती. एका सुताचाही फरक नाही.

"जुळलं की. नशीब आपलं," शिल्पा म्हणाली.

नामदेवराव हसले नाहीत. "उसव," ते म्हणाले. "आता डावी वर घे."

भामानं टाके उसवले, पट्ट्या फिरवून परत शिवल्या. आधी वर दिसणारी पट्टी आता खाली गेली, खालची वर आली. जुळलेली फांदी तुटायलाच पाहिजे होती.

तुटली नाही. मघाशी वर चढत होती, ती आता खाली वळली. आणि वळली तिथं एक पक्षी होता, अर्धा या बाजूला, अर्धा त्या बाजूला. मिळून अख्खा. असा पक्षी कापडावर कुठंच नव्हता. कापण्याआधी तिघांनी सगळी नक्षी बघितली होती.

नामदेवरावांनी नकळत हात जोडले. भामाच्या अंगावर काटा आला, पण भीतीचा नव्हे. गाभाऱ्याचा पडदा सरकल्यावर येतो तसा. उरलेल्या चिंधीतून तिनं खिसा कापला. जिथं ठेवावा तिथं तो नक्षीत मिसळून जाई, हातानं चाचपूनच सापडे.

रविवारी नामदेवरावांनी शर्ट घातला आणि माणूस बदलला की हो! रंग, रोलर, छपाईच्या गमती, किती बोलले. हिम्मतराव तर मांडी ठोकून ऐकत राहिले. सुशीलाबाई मात्र शर्टाकडंच बघत होत्या.

"कुठलं हो कापड? बघावं तर नजर पुढं पुढंच जाते. थांबतच नाही," त्या म्हणाल्या.

तरी निघताना नारळ-साखर शिल्पाच्या ओटीत पडलीच. भामानं पाहुण्यांना वळणापर्यंत पोचवलं आणि हवेत चालावं तशी घरी आली.

"काढा तो शर्ट. भिजत टाकते."

नामदेवरावांनी हसून हनुवटी वर केली. भामानं गळ्याशी हात घातला.

बटणं होती. काजं नव्हती.

बटणांच्या खाली फटच नव्हती. तिनं कॉलरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. सलग कापड.

तिनं खालची कड उलटून बघितली. बगलेची शिवण तिनं स्वतः दुहेरी घातली होती. ती नव्हती. खांद्याचीही नव्हती.

"काय गं?"

"काही नाही. थांबा हं."

तिनं छोटी कात्री घेतली. पोटाच्या खाली कापड सैल लोंबत होतं, अंगापासून चांगलं लांब. तिथं तिनं हळूच एक काप दिला.

"आई गं!" नामदेवरावांनी तिचं मनगट धरलं. मग समजुतीनं हसले. "हळू की, भामा. लागतंय."

बाहेरून शेजारच्या लक्ष्मणरावांनी हाक मारली, पोरीचं जमलं म्हणे! नामदेवराव "हौ, आलो आलो" म्हणत उठले आणि उंबरा ओलांडून उन्हात गेले. भामानं त्यांना थांबवलं नाही.

कात्रीचं पातं ओलं झालं होतं. रक्त नव्हतं. तिनं ते नाकाशी नेलं. नुकत्याच मोडलेल्या फांदीचा वास येत होता.