लोव्हीची सांधलेली तबकडी

तो पडवीतला दिवा मालवा आधी, किडे येतायत. आणि डॅरिल, मोबाइल खिशात घाल. ज्याची ही हकिकत आहे तो ओथा क्लॅक्सटन रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतो, अजून तरी. खरं-खोटं त्यालाच विचारा. माझ्याशी वाद नको.

तीन आठवडे झाले. ऑक्टोबरची तेवीस तारीख, गुरुवार. वादळात पाइनचं एक झाड पडलं होतं, ते नेमकं लोव्ही टार्प्लीच्या थडग्यावर, म्हणून ओथा करवत घेऊन दफनभूमीत गेला. लोव्ही म्हणजे त्याच्या आजोबांची बहीण. तंबूतल्या खेळांत गायची, गळ्यात मोत्यांच्या माळा घालून, गावोगाव. एकोणीसशे सव्वीस साली शिकागोला जाऊन तिनं ब्लूजचं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. कंपनीनं नमुन्याची एकच तबकडी घरी पाठवली. ती बाजारात यायच्या आतच लोव्ही गेली आणि कंपनीनंही मग तो विषय सोडून दिला. ओथा जुन्या तबकड्यांचा वेडा. कॉलेजच्या रेडिओवर दर शनिवारी लावतो. परक्यांचे हजार आवाज त्याच्याकडे होते, घरचा एकच नव्हता, आणि हे त्याला फार लागायचं.

झाडाखाली दगड फुटला होता आणि सिमेंटमध्ये बसवलेला पत्र्याचा डबा उघडा पडला होता. आत मेणकापडात तबकडी. सरळ दोन तुकडे.

आता माणूस गेलं की त्यानं शेवटी हाताळलेली वस्तू आपण थडग्यावर फोडून ठेवतो, हे तुम्हाला सांगायला नको. साखळी तुटावी म्हणून. नाही तुटली तर मागोमाग त्याच घरातलं आणखी कुणी जातं. ओथाला हे लहानपणापासून पाठ. तरी तो डबा गाडीत घालून घरी आला.

घरात दोघंच, तो आणि त्याची धाकटी बहीण व्हर्नेल. ती मासे तळत होती.

“काय आणलंस ते?”

“लोव्हीला.”

तिनं गॅस बंद केला. “जिथून आणलंस तिथे ठेवून ये. आत्ताच्या आत्ता.”

“सांधतो, एकदा ऐकतो, उतरवून घेतो आणि परत फोडतो. एकदाच गं.”

“अक्कल कुठे गहाण टाकलीस? घरात आहे कोण? तू आणि मी. तू तर चिवट, मरायचा नाहीस. मग उरलं कोण?”

ओथा हसला. तीही हसली, पण ताट मात्र तिनं आपटूनच ठेवलं.

साडेनऊला ती झोपायला गेली. तो तबकडी सांधायला बसला. पावणेअकराला त्यानं सुई टेकवली.

सांध्यावरून सुई गेली की टक. एका फेऱ्यात दोनदा. त्यामागे पियानो, आणि मग ती. भरदार, जराशी थट्टेखोर. शब्दाचा शेवट थेट आजोबांसारखा. ओथाला रडू आलं. कडवं संपल्यावर ती वादकाला म्हणाली, “वाजव रे निवांत. मला घाई नाही.”

टक... टक...

मग टक मंद झाली.

मग थांबली.

ओथानं सुई उचलायला हवी होती. तो आवाजाला भुलला. गाणं संपलं तेव्हा त्यानं यंत्र बंद केलं आणि तबकडी दिव्याखाली धरली. सांधा नव्हता. गोंद नाही, रेघ नाही.

त्यानं ती ओट्याच्या कडेवर आपटली. फुटली नाही. हातोडा घातला. नाही. लाखेची तबकडी, पोरांनो... हातातून निसटली तरी खापरासारखी फुटते.

आणि गाणं चालूच होतं.

यंत्र बंद. तबकडी हातात. आवाज व्हर्नेलच्या खोलीतून... व्हर्नेलचाच. पुढचं कडवं. तबकडीवर नसलेलं.

“व्हर्नेल?”

त्यानं दार ठोठावलं. “व्हर्नेल, दार उघड गं.”

गाणं थांबलं. आतून ती म्हणाली, “थांब ना. मला घाई नाही.”

त्यानं दार ढकललं. ती अंथरुणात. गार पडलेली. डॉक्टर म्हणाले, तू दार ढकललंस तेव्हाच तिला जाऊन तास-दीड तास झाला असेल... म्हणजे साडेनऊच्या सुमारास, तो सांधायला बसला तेव्हा.

ती न फुटणारी तबकडी आम्ही तिच्या शवपेटीत, उशाशी ठेवली. दुसरं काय करणार? मग थडग्यावर काय फोडायचं, तर रात्री ती ज्यातून ताक प्यायली होती तो निळा कप. घरात आता तो एकटाच. त्यानं कप दगडावर आपटला. चक्काचूर झाला. मी स्वतः पाहिलं. ओथा लहान पोरासारखा रडला, माझ्या गळ्यात पडला. मलाही सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं फुलं घेऊन गेलो.

थडग्यावर कप होता. सरळ उभा.

मी उचलला. उजेडात धरला. कडेवरून, बुडावरून नख फिरवलं. पुन्हा फिरवलं...

कुठेही सांधा नव्हता.