कोपरापर्यंत आई

दोष बापाचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी त्याच्या म्हातारपणाची कीव करत बसायला नको.

बाप तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, आता निवृत्त. सृष्टी कशी झाली यावर आयुष्यभर बोलला. वेदांचं म्हणणं काय, तर शब्द आधी, वस्तू मागून. कर्त्याने शब्द आठवला, त्याचा अर्थ मनात धरला, मग तो उच्चारला आणि जग उभं राहिलं. एखादी गाय मरते, गाय या शब्दाचा अर्थ मरत नाही. पोरगा हे जेवताना, आंघोळीला जाताना, अंगात ताप असताना ऐकत मोठा झाला. बापाच्याच कॉलेजातून तो दुसऱ्या वर्षी बाहेर पडला, तेव्हा बाप एवढंच म्हणाला, "असं होऊ शकत नाही." मग त्या विषयावर चकार शब्द नाही. काही घडलंच नव्हतं जणू. पोरगा लाकडी फर्निचरला पॉलिश मारायला लागला. थोरल्या बहिणीने नवऱ्याच्या नाकावर टिच्चून त्याला मागची खोली दिली. जगात तेवढं एकच दार त्याच्यासाठी उघडं होतं.

आई वारल्यावर काही महिन्यांनी ताई म्हणाली, "बारक्या, आईचं शिलाई मशीन घेऊन ये. बाबा काय करणार त्याचं? सुईत दोरा ओवता येतो का त्यांना?"

"दोरा हा शब्द माहीत आहे. तेवढ्यात भागतं त्यांचं."

"जा रे. आणि भांडू नकोस."

दिवेलागणीला तो पोचला. दार नुसतं लोटलेलं. आत दिवा नव्हता, ओल धरलेल्या पुस्तकांचा वास होता. आणि आतल्या खोलीतून मशीन चालल्याचा आवाज येत होता. पायडलची ती लय, मधेच अडखळणं, कापड वळवताना सोडलेला श्वास. मग कोरडा खोकला.

आईचा.

बाप आरामखुर्चीत डोळे मिटून बसला होता. ओठ हलत होते.

"आत कोण आहे?"

"तुझी आई." बापाचा आवाज खाली गेला. "हळू बोल... काम चाललंय तिचं."

"बाबा, आपण तिला पोचवून आलो."

"देह पोचवला. अर्थ कुठे पोचवणार? रोज या वेळी तिचा अर्थ मनात धरतो आणि हाक मारतो. शिकवत होतो तेव्हा मलाही हा नुसता सिद्धान्त वाटायचा."

पोरगा आत गेला. स्टूल रिकामं. पायडल जागचं हललं नव्हतं, चाकावर धूळ तशीच. पण आवाज त्याच्या पुढ्यात, हात लावता येईल इतका जवळ चालू होता. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले, आणि त्याच वेळी डोक्यात तिडीक गेली. बापाने आईला शिवताना कधी पाहिलंच नव्हतं. भिंतीपलीकडून ऐकलं होतं फक्त.

तो परत बापासमोर आला, तेव्हा चहाचा वास आला.

स्वयंपाकघराच्या अंधारातून एक कप बाहेर आला. कपाच्या कानात अडकवलेलं वाकडं बोट, मनगटावरचा तेल उडाल्याचा डाग. हात आईचाच, रेषेरेषेसकट. कोपरापर्यंत. त्याच्या वर अंधार होता असं नाही. त्याच्या वर काही नव्हतंच. एवढ्या वर्षांच्या संसारात चहा घेताना या माणसाने पुस्तकातून मान त्यापेक्षा वर केली नव्हती.

"तिचं तोंड कुठे आहे?"

बापाने डोळे उघडले. "असेल ना... आठवतो मी."

"आठवा. बसलोय मी."

बापाने डोळे पुन्हा घट्ट मिटले. कोपराच्या वर काही आलं नाही. कपातल्या चहाची वाफ मात्र हलत होती.

"आवाज, खोकला आणि चहाचा हात. एवढीच बायको होती तुमची?"

"तू कोण मला विचारणारा?"

"मुलगा तुमचा."

"माझा मुलगा आत वाचत बसलाय," बाप शांतपणे म्हणाला. "पुढच्या वर्षी माझ्याच कॉलेजात शिकवेल. त्याचा अर्थ मी कधी सोडला नाही."

आता ते ऐकू आलं. पोरगा पूर्वी राहायचा त्या खोलीत कोणीतरी मोठ्याने वाचत होतं. आवाज त्याचाच. पण कधी उलट न बोललेला, कधी कुणाचं काही ऐकून घ्यावं न लागलेला. वाचन थांबलं. खुर्ची मागे सरकली.

"बाबा... कोण आलंय?"

पावलं दाराकडे येऊ लागली. पोरगा मशीन तिथेच टाकून पळाला.

ताईने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"कोण हवंय आपल्याला?"

"ताई, चेष्टा नको. मी आहे... बारक्या."

ती हसली. परक्या माणसाला हसतात तशी. "घर चुकलात तुम्ही. माझा धाकटा भाऊ बाबांकडे राहतो. पहिल्यापासून."

बल्बचा उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला होता. ताईच्या हनुवटीवर तीळ आहे, लहानपणी त्याला बोट लावून तो झोपायचा. तिथे आता कोरी कातडी होती. बापाला तो तीळ कधी दिसलाच नसावा.

"ताई आत आहे का?" त्याने विचारलं.

दार लागलं.

आईवडिलांचं घर आधीच गेलं होतं, त्या संध्याकाळी बहीणही गेली. त्याला 'अरे' म्हणणारं कोणी उरलं नाही.