एलवुडसाहेबांच्या पुस्तकांना कुंकू

‘‘या घरातल्या पाण्याचा थेंबही आता मी तोंडात घेणार नाही!’’

परदेशातल्या लेकाच्या, हिल्सबरोच्या त्या स्वयंपाकघरात मृदुलाताईंची घोर प्रतिज्ञा घुमली, काळ क्षणभर थबकला... आणि त्यांना उचकी लागली. पेलाभर पाणी प्यावंच लागलं.

पण घाव खोल होता! शेजारचे वृद्ध एलवुडसाहेब घर सोडून लहानशा फ्लॅटमध्ये एकटे राहायला निघाले होते, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह लिलावात जाणार होता. काय तो संग्रह! छताला टेकलेली कपाटं, चामडी बांधणीवर सोनेरी अक्षरं... आणि साहेब तर पुस्तकाला हात लावण्याआधी हात धुणारे, उसनं दिलेलं पुस्तक चुकूनही परत न मागणारे! हा शेवटचा गुण पुण्यात आढळल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

लिलाववाल्यांना नेमक्या उत्तमोत्तम पुस्तकांच्या पहिल्या पानांवर हळदकुंकवाची बोटं सापडली होती.

‘‘आई, गेल्या दसऱ्याला तूच तिकडे पूजा मांडलीस ना?’’ सुयश कडाडला. ‘‘अगं, दुर्मिळ पुस्तकं ती! नवी गाडी आहे का, दिसली की कुंकू लावायला?’’

‘‘हो... मीच लावलं,’’ मृदुलाताई म्हणाल्या, आणि त्यांनी सत्य आवंढ्याबरोबर गिळलं.

कारण त्यांनी कुंकू लावलं होतं ते फक्त पाटाला. पुस्तकांना नुसती फुलं वाहिली होती. मग नैवेद्याचा शिरा आणायला त्या घरी गेल्या, तेवढ्यात साहेबांनीच भक्तिभावाने एकेक पुस्तक उघडून... पण ते सांगायचं कसं? ‘डॅडचं डोकं चालत नाही, त्यांना वृद्धाश्रमातच ठेवायला हवं,’ असं साहेबांची लेक फिलिपा उठता-बसता म्हणत होती. तिला हे कळलं, तर म्हाताऱ्याचा फ्लॅट गेलाच! त्यापेक्षा कलंक आपल्या माथी घेऊन पुण्याला परतलेलं बरं...

लिलावाच्या दिवशी सभागृह तुडुंब भरलं होतं. ‘‘प्रत अप्रतिम,’’ लिलाववाला म्हणाला, ‘‘पण दुर्दैवाने शेजारच्या बाईंनी...’’

सुयशने मान खाली घातली. मृदुलाताईंचं काळीज विदीर्ण झालं!

‘‘बाईंनी नाही. मी. या अंगठ्याने!’’

एलवुडसाहेब काठी टेकत उभे राहिले होते.

‘‘डॅड!’’ फिलिपा किंचाळली.

‘‘डोकं ठिकाणावर आहे माझं, फिलिपा. तुझी आई गेल्यावर मला या पुस्तकांनी सांभाळलं. त्यांचे आभार मानायचा एक दिवस असतो, हे आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी पाटाला कुंकू लावलं... मला वाटलं, ते आतल्या मजकुरापर्यंत पोचायला हवं.’’

फिलिपाने डोळे पुसले आणि ती लिलाववाल्याकडे वळली. ‘‘कुंकवाची पुस्तकं विकायची नाहीत.’’ मग हलक्या आवाजात, ‘‘तुमच्या फ्लॅटमध्ये मावतील ना, डॅड?’’

मृदुलाताईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. जिंकला, म्हातारा जिंकला! सुयश गर्दीतून वाट काढत आला आणि त्याने त्यांना कडकडून मिठी मारली.

‘‘आई, दुसऱ्याचा दोष तू अंगावर घेतलास... आणि मी तुला काय काय बोललो! मला क्षमा कर गं!’’

‘‘वेडा रे वेडा! आईजवळ कसली क्षमा?’’

‘‘आई...’’ तो कळवळला.

‘‘बोल, राजा, बोल!’’

‘‘जरा पाय उचल ना. माझ्या सँडलवर उभी आहेस.’’