कऱ्हाडमधला र

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी सुधन्वा ओगलेने उजवीकडच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवले आणि तो म्हणाला, "हा घरचा."

पाककोश मंडळाचे सचिव थोरात यांनी त्या कॉम्प्युटरखाली चिकटवलेली चिठ्ठी काढून वाचली. चिठ्ठीवर 'सोयरा' असे लिहिले होते. डावीकडच्या कॉम्प्युटरवर 'खरड' चालू होते. खरड हे मराठी लेखनाचे सॉफ्टवेअर सुधन्वाच्या बायकोने, हेमांगीने, बनवले होते, आणि ती त्याच्या खुर्चीमागेच उभी होती.

"माझं काही चुकलं का?" सुधन्वाने विचारले. सगळे हेमांगीकडे बघत होते.

"चुकायचं काय त्यात? तुम्हाला काय वाटतं तेवढंच विचारलं होतं," थोरात म्हणाले आणि चिठ्ठीची बारीक घडी करत राहिले.

चाचणीची कल्पना हेमांगीचीच होती. कऱ्हाडच्या या मंडळात तीन जातींचे कॉम्प्युटर होते. काही विकत घेतलेले, काही देणगीत आलेले. एकात खिडकी बंद करायची खूण उजवीकडे, दुसऱ्यात डावीकडे. तिसऱ्यात माउसचे चाक उलटे फिरे. खरड यांपैकी एकाच जातीवर चालायचे आणि हेमांगीला त्याचा अभिमान होता. सगळ्या जातींवर चालणारा प्रोग्राम सगळीकडे पाहुणाच असतो, असे ती म्हणायची. पाहुणा कितीही दिवस राहिला तरी पाण्याचा पेला कुठल्या फळीवर आहे ते विचारतोच. सोयरा तिन्ही जातींवर चालत असे. तो मंडळात दाखवायला आणला गेला, त्या दिवशी हेमांगीने त्याचे नाव 'घरजावई' ठेवले आणि सगळे हसले. सोयरा बनवणारी तनुजा घाटपांडेही हसली. ती कॉलेजात हेमांगीच्या शेजारच्या बाकावर बसायची.

म्हणून हेमांगीने सुचवले, की चाचणी खरडच्याच जातीच्या कॉम्प्युटरवर घ्या, दोन्ही प्रोग्रामांना एकच वेश चढवा आणि घरचा कोणता वाटतो ते मंडळाच्या मुख्य संपादकाला ठरवू द्या. मुख्य संपादक सुधन्वा होता. पंधरा दिवस तो दोन्हींवर आलटून पालटून काम करत होता. हेमांगीने त्याला कोणता कुठला ते सांगितले नव्हते. सांगायची गरज तिला वाटली नव्हती.

"महिनाभर सगळ्यांच्या टेबलावर सोयरा लावून बघू," थोरात म्हणाले. "मग कायमचा ठराव. ओगलेबाई, तुमचं खरड आहेच की. ते कुठे जात नाही."

त्या संध्याकाळी हेमांगीने चहा केला. साखर घालायची राहिली. सुधन्वाने उठून डबा आणला.

"काय आहे असं तिच्यात?" तिने विचारले.

"कुणात?"

"सोयऱ्यात."

"मग त्याच्यात म्हण." तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याने चमचा खाली ठेवला. "खरं सांगू? हात विचारत नाही."

"म्हणजे?"

"खरडमध्ये र वर थांबावं लागतं. इतकी वर्षं थांबतोय, माझी काही तक्रार नाही. तिथे थांबावं लागत नाही, एवढंच."

"कधी बोलला नाहीस."

"तू कौतुकानं केलं होतंस. काय बोलणार?"

त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी सुधन्वा एकदा कोशाच्या खंडाचे मुखपृष्ठ हातात घेऊन घरी आला होता. त्यावर गावाचे नाव 'कर्हाड' असे छापले होते. कऱ्हाडमधला र अर्धा असतो, ओळीतच ह ला बिलगून बसतो. कळफलकावर तो वेगळ्या कळींनी काढावा लागतो. तो चुकला की र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'माझ्या गावाचं नाव तरी धड लिहू दे,' असे म्हणून सुधन्वा जेवायलाच बसेना. दोन दिवसांत हेमांगीने त्याच्यापुरती एक सोय केली. र च्या कळीवर बोट जरासे रेंगाळले की र आपोआप अर्धा व्हायचा. पुढे त्या सोयीभोवती बाकीचे खरड उभे राहिले. ही सोय दुसऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नव्हती.

दुसऱ्या दिवशी सुधन्वा छापखान्यात गेलेला असताना हेमांगी मंडळात आली आणि त्याच्या खुर्चीत बसली. सोयरा उघडा होता. तिने क टाइप केला. मग र वर बोट ठेवून रेंगाळली.

अर्धा र उमटला.

तिने तिथूनच तनुजाला फोन लावला. "चोरलंस."

"काय चोरलं?"

"तुला ठाऊक आहे काय."

तनुजा तासाभरात मंडळात हजर झाली. तिने पर्स टेबलावर ठेवली आणि लॅपटॉप हेमांगीपुढे सरकवला. "हा सगळा सोयरा. शोध. सापडलं तर मी आत्ता थोरातसरांना सांगते आणि गाशा गुंडाळते."

हेमांगीने दुपारपर्यंत शोधले. र बद्दलचा नियम कुठेच नव्हता.

"आम्ही लिहिलेलाच नाही," तनुजा म्हणाली. "रुळण म्हणतो आम्ही त्याला. नवीन सून घरात आली की दोन दिवस गप्प बसून बघते ना, कोण कधी उठतं, कुणाला चहा कसा लागतो. तसं. बोट कुठे थबकतं, कुठून माघारी येतं, माउस किती जोरात फेकला जातो, हे तो बघतो आणि दर वेळी केसभर सरकतो. तुझा नवरा र वर थांबायचा आणि मग खोडून अर्धा र काढायचा. चार दिवस सोयऱ्याने पाहिलं. पाचव्या दिवशी खोडावं लागलं नाही."

"म्हणजे माझी सोय त्याच्या हातातून गेली तुझ्याकडे."

"हातात होती म्हणजे त्याची झाली होती, हेमा." तनुजाने हे सहज म्हटले, आणि म्हणूनच ते जास्त लागले.

"आणि आता तर तो थांबतही नाही म्हणतो."

"नसेल थांबत. बोट टेकायच्या आधीच कळतं. अर्धा र हवा असला की ते वेगळं उतरतं."

हेमांगीचा विश्वास बसला नाही. सुधन्वा परत आल्यावर तिने त्याला पडद्याकडे पाठ करून बसवले, कळफलक मांडीवर दिला आणि सांगितले, "लिही. आचाऱ्यांना बोलवा." मग म्हणाली, "आचार्यांना बोलवा." पहिले स्वयंपाक्यांना, दुसरे गुरुजनांना.

"पंगत आहे की प्रवचन?" सुधन्वा म्हणाला. त्याची बोटे दोन्ही वेळा सारख्याच वेगाने चालली. पडद्यावर दोन्ही शब्द बिनचूक होते.

तनुजाने टाळी वगैरे वाजवली नाही. हेमांगीला तेही आवडले नाही. तिने वाकून नवऱ्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्या बोटाचे उतरणे वेगळे असते हे तिच्या कधी लक्षात आले नव्हते. दुसऱ्या कुणाच्या तरी आले होते. ते कुणी माणूस असते तर भांडता आले असते.

"शिकलेलं कुठे राहतं?" जाताना तिने तनुजाला विचारले.

"इथेच. मंडळाच्या बाहेर जात नाही. पण मंडळात एका खुर्चीचं थोडं थोडं बाकीच्या खुर्च्यांना मिळतं. नवीन माणूस लवकर रुळतो."

"आणि त्याला चुकीचं शिकवलं तर?"

"हाताशी तो वाद घालत नाही," तनुजा म्हणाली. "पण एकट्यानंच सरकतो असंही नाही गं. तो अर्धं पाऊल येतो, माणूस अर्धं पाऊल येतो. घरात रुळणं दोन्ही बाजूंनी असतं ना."

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे खालच्या मजल्यावर गेले. पाककोशाच्या कचेरीत जेवण लवकर आटपत नाही. कुणाच्या डब्यातल्या कालवणात काय चुकले यावर चर्चा होतेच. हेमांगी वर राहिली. ती सुधन्वाच्या खुर्चीत बसली. कपाळावर आलेले केस तो जसे मनगटाने मागे सारतो तसे तिने मागे सारले आणि त्याच्यासारखेच दोन बोटांनी लिहायला लागली. त्याचा हात तिला पाठ होता. र वर ती थांबायची. अर्धा र आला की खोडायची आणि रफार द्यायची. कर्हाड. खोडायची, पुन्हा लिहायची. कर्हाड. वर्हाड. तर्हा. जिन्यावर चपलांचा आवाज येईपर्यंत तिने एवढेच केले.

गुरुवारी काहीच झाले नाही. सुधन्वा दिवसभर सोयऱ्यावर काम करत राहिला. संध्याकाळी तो शीळ घालत घरी आला आणि त्याने कोबीच्या वड्या मागितल्या. सोयऱ्याने तिचा हात परका म्हणून ओळखला आणि बाजूला ठेवला असावा, असे हेमांगीला वाटले. तिला सुटल्यासारखेही झाले आणि हरल्यासारखेही.

आठवडाभराने घरी वीजबिलाबद्दल तक्रार लिहायला सुधन्वा तिच्या कॉम्प्युटरवर बसला. त्यावर खरड होते.

"तुझं काही बिघडलंय का?" त्याने विचारले.

ती हात पुसत आली. पडद्यावर पत्त्याच्या ओळीत 'कर्हाड' होते.

"थांबला नाहीस तू र वर."

"थांबलो की." त्याने पुन्हा लिहिले. तो थांबला नव्हता. तिने पाहिले, बोट टेकले आणि उचलले गेले, बाकीच्या कळींवर उचलले जात होते तसेच.

"बघ ना एकदा आत काय झालंय ते," तो म्हणाला. "पूर्वी असं करत नसे." मग त्याने कागदावर लिहितो म्हणून कॉम्प्युटर बंद केला आणि शेवटी तक्रार फोनवरच केली.

त्या रात्री हेमांगीने खरडमधले थांबणे निम्म्यावर आणले. नंतर निम्म्याच्या निम्म्यावर. त्यापुढे नेले असते तर प्रत्येक र अर्धा झाला असता. खरडला सरकता येत नव्हते. ते जिथे होते तिथेच उभे राहून इतकी वर्षे वाट बघत होते, आणि यालाच ती घरचेपण म्हणत आली होती.

मंडळाच्या दारात एक काळा फळा आहे. दर शुक्रवारी सकाळी सुधन्वा त्यावर खडूने कोशातला एक शब्द, त्याचा अर्थ आणि खाली मंडळाचे नाव लिहितो. त्याचे अक्षर सुंदर आहे. शाळेतली मुले थांबून वाचतात आणि बाजाराला निघालेल्या बायका 'आमच्यात याला निराळं म्हणतात' असे सांगायला आत येतात. ठरावाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, हेमांगी सुधन्वाचा विसरलेला चष्मा द्यायला आली तेव्हा फळा लिहून झाला होता.

'सांडगे : डाळ वाटून, मसाला घालून उन्हात वाळवलेले तुकडे. — पाककोश मंडळ, कर्हाड.'

रफार नीट ह च्या डोक्यावर होता. गोलाई त्याच्या नेहमीच्या वळणाची होती आणि कुठेही खाडाखोड नव्हती.

तिने प्रथम आजूबाजूला कुणी आहे का ते पाहिले. मग ती तिथेच दाराशी थांबली. लेखनिक सुनंदा पेडणेकर आल्या, त्यांनी फळा वाचला, म्हणाल्या, "सांडगे काय, वा," आणि आत गेल्या. त्यांच्यामागून दोन मुद्रितशोधक आले. दोघांनीही वाचले. थोरात तर चष्मा वर करून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत राहिले.

"ओगलेबाई, बाहेर का उभ्या?" ते म्हणाले. "उद्या ठराव आहे, राग नाही ना?"

"फळा वाचलात?"

"वाचला की. सांडग्यांत कोहळा राहिला लिहायचा. सांगतो त्यांना."

सगळ्यांच्या टेबलांवर सोयरा जवळजवळ महिनाभर होता. त्यातली एक दुपार तिची होती. चूक तिने शिकवली होती, की शिकवायची गरजच नव्हती? बोटांनी सोडून दिलेले डोळेही सोडून देत होते का? तनुजाला विचारले तर ती खरे काय ते शोधून काढील, हे हेमांगीला माहीत होते. पण मग बुधवारची सुट्टीही सापडेल. फळ्याकडे नुसते बोट दाखवले तर सोयऱ्याने हात बिघडवला म्हणून उद्याचा ठराव थांबेल, सोयरा जाईल आणि सुधन्वाचा हात परत र वर थांबायला लागेल. तिच्यासाठी. आणि कारण कुणी विचारले, तर तिला ते सांगावे लागेल किंवा लपवावे लागेल.

सुधन्वा बाहेर आला. त्याच्या बोटांना खडू लागला होता. त्याने चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि फळ्याकडे पाहिले.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारले. गेली कित्येक वर्षे तो दर शुक्रवारी हे तिला विचारत आला होता, ती असली तर.

फळ्याखालच्या खोबणीत डस्टर होता. हेमांगीने तो उचलला.

त्याच सुमारास आतून ठरावाचा मसुदा सभासदांकडे गेला. तो सोयऱ्यावर लिहिलेला होता आणि त्यात गावाचे नाव बरोबर होते. फळा तोवर पुसलेला नव्हता. डस्टर हेमांगीच्या हातात होता आणि सुधन्वा उत्तराची वाट बघत होता.