भिंगरीचा पहिला शब्द

विश्वास ठेवा, नका ठेवू... पण मी तिथे होतो. भुताखेतांची टिंगल करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आता करत नाही.

रात्र नव्हती. मंगळवारची सकाळ. हॉस्पिटलचा मुलांचा वॉर्ड, कोपऱ्यातली खोली, खिडकीतून लख्ख ऊन.

माझी भाची चार वर्षांची. घरभर गरगर फिरते म्हणून मी तिला भिंगरी म्हणतो. जन्मतःच तिची श्वासनलिका अरुंद, अन्ननलिकाही अधू. म्हणून श्वासासाठी गळ्याला भोक पाडून नळी बसवलेली आणि दुधासाठी पोटाला दुसरी. गळ्यातल्या नळीमुळे आवाजच फुटायचा नाही. रडायची तेही मुकं. नुसत्या डोळ्यांतून धारा.

माझ्या ताईला एकच आस होती. लेकीच्या तोंडून एकदा "आई" ऐकायचं.

त्या दिवशी नळीच्या तोंडावर टोपण लावून बघणार होते. हवा वरच्या वाटेने गेली तर आवाज फुटेल, मग नळीही काढता येईल. घशाचे डॉक्टर, फुप्फुसांच्या डॉक्टर, पोटाचे डॉक्टर आणि बोलायला-गिळायला शिकवणाऱ्या मॅडम, सगळे एकत्र आले होते. एरवी या चौघांसाठी चार रांगा!

"ताई, पहिला शब्द 'मामा' असणार बघ," मी चिडवलं.

"गप रे, मेल्या." ती हसली.

घशाच्या डॉक्टरांनी टोपण लावलं.

भिंगरीने नाकाने श्वास घेतला... ओठ हलले...

"काकू, माझी आई कुठे गेली?"

स्वच्छ आवाज. सात-आठ वर्षांच्या मुलीचा.

ती ताईकडे बघत होती.

मॅडम पुटपुटल्या, "असं होत नाही. ज्या मुलाला कधी आवाजच नव्हता, ते एकदम वाक्य बोलत नाही."

दाराशी मोठ्या सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या हातून ट्रे निसटला.

"हा आवाज मी ओळखते. याच खोलीत वारली ती मुलगी. शेवटपर्यंत आईची वाट बघत होती."

डॉक्टरांनी झटकन टोपण काढलं. नळीतून श्वास फुस्सकन बाहेर आला. आता आवाज निघणं शक्यच नव्हतं.

तरीही...

"लाईट बंद करू नका. आई येईपर्यंत नको."

टोपण डॉक्टरांच्या चिमटीत होतं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढे तपासण्या चांगल्या आल्या. नळ्या निघाल्या. त्या सकाळबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, "मूल बरं झालंय. घरी न्या."

आता ती तोंडाने जेवते. खूप बोलते. पण संध्याकाळ झाली की दारात जाऊन बसते.

"काकू, आली का माझी आई?"

त्या हाकेला ताई रोज ओ देते. मला ते बघवत नाही. एकदा न राहवून विचारलं, "तुला भीती नाही वाटत?"

"आवाज तिचा नसेल रे," ताई म्हणाली. "पण घास तर माझ्याच पोरीच्या पोटात जातो ना?"

माझी भीती वेगळीच आहे, ती ताईला सांगायची माझी छाती होत नाही.

ही जर ती दुसरी मुलगी असेल... तर आमची भिंगरी कुठे आहे?

तिला तर हाकही मारता येत नाही.