टकल्या गुरूचा शेवटचा भाग

लाइट येईपर्यंत ऐका, आणि मधे हसायचं नाही. हरिश्चंद्र आमच्या शांती नगरातलाच, मागच्या विंगेत राहायचा. थापा मारणं त्याच्या रक्तात नव्हतं. राग मात्र नाकाच्या शेंड्यावर.

सन दोन हजार तीन, गटारी अमावस्येची रात्र. अख्खी बिल्डिंग कोंबडीच्या रश्श्याने घमघमत होती आणि हा निघाला होता गोडदेवला, धाकट्या भावाच्या घरचा टीव्ही उचलून आणायला. भाऊ म्हणजे बबन. महिन्यापूर्वी काशीमिऱ्याला ट्रकखाली गेला. त्याच्या बायकोने, गिरिजाने, निरोप धाडला होता, की रात्री टीव्ही आपोआप लागतो, नुसता निळा पडदा जळत राहतो, या एकदा.

हरिश्चंद्राचं डोकं दहाव्यापासूनच तापलेलं. भाईंदरच्या खाडीवर पिंडाला कावळा शिवेना. "गिरिजाला सांभाळीन," म्हणाला, कावळा ढिम्म. "गावच्या घरात तुझा वाटा ठेवीन," तरी ढिम्म. ऊन चढलं. तेव्हा सीडीच्या दुकानाचा राघो मागून हळूच बोलला, "हरीदादा, टकल्या गुरूचा शेवटचा भाग दाखवतो, असं बोलून बघा ना." त्या चिनी मारामारीच्या सिनेमांचा बबनला भारी नाद. सगळे भाग पाहून झालेले, शेवटचा तेवढा राहिला होता.

"दाखवतो, जा!" हरिश्चंद्र खेकसला. कावळ्याने लगेच झडप घातली.

लोक तोंडावर रुमाल धरून हसले. ह्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप गेल्यावर ज्याला वाढवला, त्याला मेल्यावर ना भाऊ आठवला, ना बायको. आठवला कोण, तर एक चिनी टकल्या! आधीच ह्याला न विचारता लग्न करून बसला, दोन वर्षं दोघा भावांचं बोलणं नाही, आणि वर चारचौघांत ही शोभा. शब्द पाळायचं हरिश्चंद्राच्या मनातही नव्हतं. जन्मात पहिल्यांदाच थाप मारली, कावळ्याला सरळ टोपी घातली त्याने.

गोडदेवच्या खोलीत शिरला तो थेट टीव्हीपाशी.

"वायर काढ गं. भंगारात टाकतो हे खोकं."

"टाका. पण आधी ही लावा." गिरिजाने सीडी पुढे केली. डोळे लाल, आवाज मात्र करकरीत. "दीड वर्ष घरात पडून आहे. राघोभाऊ रोज बोलायचे, बघून टाक नाहीतर परत दे. हे ऐकायचे नाहीत. पहिला भाग दुसरीत असताना दादाच्या मांडीवर बसून बघितला, बाकीचे त्याच्या बाजूला बसून, शेवटचापण तसाच बघणार, असं बोलायचे."

"मग यायचं होतं ना माझ्या दारात!" हरिश्चंद्र ओरडला.

"हे आले होते, भाऊजी. तुम्ही तोंडावर दार लावलंत."

ते खरंच होतं. त्याने सीडी तिच्या हातातून हिसकली, प्लेअरमध्ये घातली, आणि चटईवर बसला. गिरिजा आत गेली. पडद्यावर टकल्या गुरू उड्या मारू लागला, लाथा झाडू लागला. हरिश्चंद्राला काही दिसत नव्हतं. आतून रागाने नुसता जळत होता तो. बबनवर, त्या ट्रकवाल्यावर... आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

अर्ध्यावर त्याला सोसवेना.

"बास! नाही बघायचं मला!"

तो उठायला गेला.

उठता येईना.

मनगट... कुणीतरी धरलं होतं.

त्याने बाजूला पाहिलं. चटई रिकामी.

"गिरिजा..."

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या शेजारी बघत होती...

 

पकड घट्ट झाली. रागावलेल्या माणसाची पकड. हरिश्चंद्र खाली बसला... बसून राहिला.

सिनेमा संपला. पडदा काळा झाला. हात सुटला.

तो टीव्ही पुन्हा कधी आपोआप लागला नाही. हरिश्चंद्राच्या मनगटावरचे वळ तेवढे गेले नाहीत. डॉक्टर म्हणाला, ॲलर्जी. मी ते ह्या डोळ्यांनी पाहिलेत. पाचही बोटं स्वच्छ उमटलेली. पण बबन सहा फुटी गडी होता रे...

ती बोटं सात-आठ वर्षांच्या पोराची होती.